कच्च्या पुलावाची उपकारस्तुती

आमच्या चर्चच्या मंडळीत मला प्रार्थना करायला सांगितलं की बायका आधी उठून गॅस बंद करून येतात. अतिशयोक्ती नाही ही. घरोघरच्या सभेत शेवटची प्रार्थना कोणी करायची ते पाळकसाहेब ऐनवेळी ठरवतात, आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली की स्वयंपाकघरात हालचाल सुरू होते. चहाचं पातेलं खाली उतरतं. एखादी आई पोराला बाथरूमला नेऊन आणते. मग सगळे डोळे मिटतात आणि मी सुरू होतो, आकाशातल्या पित्यापासून ते थेट चिखलोलीच्या स्टेशनापर्यंत. हे स्टेशन अजून व्हायचंय. आम्ही इथं फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं ते आम्हाला गच्चीवरून बोट करून दाखवलं होतं. बोट खरं होतं, स्टेशन नव्हतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रार्थनेत ते असतं.

प्रार्थना लांब होते याला कारण माझी नोकरी. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी शिफ्ट इन्चार्ज आहे. पाळी संपली की पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा, म्हणजे कुठल्या टाकीत काय शिजतंय, तापमान कुठवर आलंय, कुठला पंप कुरकुरतोय, कुठल्या व्हॉल्व्हवर विसंबायचं नाही, हे सगळं तोंडानं सांगायचं आणि बरोबर फिरून दाखवायचं. समोरच्यानं 'घेतला' म्हटलं की आपण मोकळे. इतकी वर्षं हेच केल्यामुळे देवासमोरही मी तसाच उभा राहतो. बापा, अमक्याची नोकरी अशी अडकलीय, तमकीच्या गुडघ्याचं असं झालंय, आणि जिन्यातला दिवा महिनाभर बंद आहे. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही, तो आत्ताच रिक्षातून उतरलाय, असं समजून.

बरं, 'घेतला' म्हटल्यावर घरी जायचं असतं. तेवढंच मला जमत नाही.

माझ्यानंतर येणारा सहकारी इथल्याच गावचा. आमची कंपनी उभी आहे त्या जागेवर त्याच्या भावकीचं भात पिकायचं. वयानं माझ्याहून लहान, जिभेनं थोरला.

"सायेब, तुमी अजून हितंच?"

"निघालोच."

"निघालोच बोलून तुमी दोन चा पिता. माज्यावर भरवसा नाय काय?"

"तसं नाही रे, त्या पंपाचा आवाज जरा..."

"पंपाचा आवाज मी आयकतो. तुमी घरा जावा, वैनीचा आवाज आयका."

वहिनीचा आवाज म्हणजे माझ्या बायकोचा. तो ऐकण्यासारखा होता हे कंपनीतसुद्धा माहीत होतं, कारण नाताळच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ मी सगळ्यांना बळजबरीनं पाठवायचो. तिचं माहेर उल्हासनगरचं, कॅम्प तीनमधलं. वर दोन खोल्या आणि खाली जीन्स शिवायचा कारखाना. दिवसभर मशिनींची घरघर. त्या घरघरीच्या वर आवाज चढवून ही बाई गायला शिकलेली. आमच्या सभांमध्ये पेटी तीच वाजवते आणि भजन तीच उचलते. मी मागे सूर लावतो. आवाज बरा आहे माझा, पट्टी मात्र कुठलीही. म्हणून पेटीवरचं तिचं एक बोट माझ्यासाठी राखून ठेवलेलं असतं. बोट वर झालं तर सूर चढवायचा, खाली झालं तर गप्प बसायचं. संसारात मी याहून स्पष्ट सूचना पाहिलेल्या नाहीत.

गेल्या वर्षी ती सारखी खाकरायला लागली. मी नेहमीच्या हुशारीनं निदान केलं: एमआयडीसीची हवा. हळदीचं दूध, गुळण्या, वाफ. चांगले दोन महिने मी तिला वाफ दिली. मग एके सकाळी गळ्यात पोत घालताना तिच्याच हाताला गाठ लागली. तिनं आरशात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हवेची गाठ होत नाही ना हो?"

बदलापूरच्या डॉक्टरांनी मान वर करायला लावून तपासलं. गळ्यातल्या थायरॉइडच्या ग्रंथीत गाठ आहे, सुईनं त्यातलं थोडं काढून तपासायला पाठवू, म्हणाले. मी विचारलं, काही काळजीचं? ते म्हणाले, "हाताला तरी साधीच वाटतेय. पण रिपोर्ट आल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही."

वाक्यं दोन होती. मी एकच ऐकलं. प्लँटवर कुणी असं अर्धं ऐकून व्हॉल्व्ह उघडला असता तर मी त्याची पाळी बंद केली असती.

ते दिवस कसे गेले ते विनोदानं सांगता येईल, पण तसे ते गेले नाहीत. जेवणाचा घास तोंडात फिरत राहायचा. शेअर रिक्षात शेजारची बाई खाकरली तरी मी तिच्या गळ्याकडे बघायचो. आणि माझी ती प्रसिद्ध प्रार्थना आटून गेली. एकटा बसलो की 'बापा' म्हणायचो आणि पुढे शब्दच नाही. इतरांच्या गुडघ्यांबद्दल तासभर बोलणारा मी, स्वतःच्या घरावर आल्यावर मुका. मग काय केलं? ती भांडी घासताना गुणगुणते, ते मी चोरून फोनवर रेकॉर्ड करायला लागलो. असू द्यावं जवळ म्हणून. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ओळी झाल्या की कुकरची शिट्टी. तिसऱ्या दिवशी तिच्या हाताला फोन लागला.

"हा इथं काय करतोय?"

"काही नाही, रेंज बघत होतो."

"मिठाच्या बरणीमागे?"

तिनं फोन पुसला, हातात दिला आणि पुढचं पातेलं घासायला घेतलं. गुणगुणणं मात्र थांबलं. आधी पंपाचं निदान चुकलं, आता पंपच बंद पाडला.

रविवारी उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाचे प्रार्थनेचे विषय आहेत का. आमचे पाळक तरुण आहेत, माझ्याहून कितीतरी लहान. सगळ्यांना वाटलं मी स्टेशनाबद्दल उठलोय. मी उठलो आणि जाहीर केलं, "प्रभूनं आमच्या घरात मोठं कार्य केलं आहे. गाठ साधी निघाली. येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे उपकारस्तुतीची सभा. सगळ्यांनी जेवायलाच यायचं."

आमच्यात ही रीत आहे. संकट टळलं, आजारी माणूस उठला, पोरगा पास झाला, की घरी मंडळी बोलवायची, देवाचे उपकार मानायचे, घरच्या माणसानं उभं राहून साक्ष द्यायची आणि मग जेवण. फक्त ती संकट टळल्यावर ठेवतात. टळायच्या आधी ठेवणारा आमच्या मंडळीत मीच पहिला.

बायकोनं खालून शर्ट ओढला होता. बाहेर आल्यावर म्हणाली, "रिपोर्ट यायचाय अजून!"

"विश्वास ठेव."

"देवावर आहे. तुमच्या कानावर नाही."

मी हे का केलं? त्या वेळी मला तो विश्वासच वाटला होता. आता विचाराल तर निव्वळ भीती. आमच्या स्टोअरवाल्याकडून एखादी वस्तू लवकर हवी असेल तर मी साहेबांसमोरच त्याचे आगाऊ आभार मानतो. मग त्याला ती द्यावीच लागते. तोच डाव मी वर लावला होता. चारचौघांत आभार मानून टाकले की देव भिडेला पडेल, असा माझा हिशोब.

शनिवारी दुपारी मी कॅम्प तीनला गेलो, तिच्यासाठी साडी घ्यायला. दुकानदार सिंधी, तिच्या माहेरच्यांना लहानपणापासून ओळखणारा. मला तो जमाईराजा म्हणतो, आणि जमाईराजाकडून भाव कधी कमी करत नाही.

"आओ जमाईराजा! क्या खुशी है?"

मी त्यालाही सांगितलं. बायको बरी झाली, घरी कार्यक्रम आहे. त्यानं दोन्ही हात वर केले. "मालिक की मेहरबानी, साईं! फिर तो ये मोरपंखी ले जाओ." मोरपंखी साडी गादीवर पसरली आणि तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर होते.

गाठ साधी नव्हती. ग्रंथी काढावी लागणार होती, आणि लवकर. "हा प्रकार बरा होण्यातला आहे, घाबरून जाऊ नका," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मॅडम गातात ना? आवाजाची नस त्या गाठीच्या अगदी मागून जाते. आम्ही जपू. पण आधी सांगितलेलं बरं."

या वेळी मी सगळी वाक्यं ऐकली.

"पॅक करूँ?" दुकानदारानं विचारलं. मी मान हलवली, पैसे दिले आणि चालायला लागलो. मागून रस्ताभर हाक आली, "ओ जमाईराजा! साडी तो ले जाओ!" परत गेलो, पिशवी घेतली. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही, ते बरं केलं.

परतीच्या रिक्षात तिघांमध्ये दाबून बसल्या बसल्या मी ठरवलं, आज सांगायचं नाही. घरात पुलाव चढला असेल, लोक निघाले असतील. सभा होऊ दे, लोक जाऊ देत, उद्या सांगू. साक्ष द्यायची वेळ आली तर काहीतरी गुळगुळीत बोलू: 'प्रभू आमच्याबरोबर आहे, त्याचे मार्ग अद्भुत आहेत.' खोटं नाही, आणि कुणी पकडणार नाही. असली वाक्यं मला मुबलक येतात. मंडळीत माझं नाव आहे ते त्यामुळेच.

घरी आलो तर आमच्या मंडळीतल्या मावशी पदर खोचून ओट्याशी उभ्या. या सगळ्यांच्याच मावशी, अगदी पाळकसाहेबांच्यासुद्धा. वयानं सगळ्यांत मोठ्या आणि कुणाचीच पर्वा न करणाऱ्या. बायको कांदा तळत होती. फार हसत होती.

"कुणाचा फोन आला होता का?" तिनं विचारलं.

"नाही. का गं?"

"सहज."

मी साडी दिली. तिनं हातात घेतली, "बाई, मोरपंखी," म्हणाली आणि आत जाऊन जरा जास्तच वेळ लावला. मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुझं तोंड का असं मेंढरासारखं झालंय?"

"ऊन लागलं."

"लागणारच. डोकं वापरत नाहीस, टोपी तरी वापर."

संध्याकाळी दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. हॉलमध्ये सतरंजी, कोपऱ्यात पेटी, तबला. ती मोरपंखी साडी नेसून पेटीशी बसली आणि तिनं भजन उचललं. मी मागे सूर लावायचा सोडून नुसता ऐकत बसलो. तिचा आवाज वर गेला की वाटायचं, हा असाच वर पुन्हा जाईल का? ओळ संपली की वाटायचं, अजून एक कडवं घे. बोट माझ्यासाठी वर झालं, खाली झालं. मी बघितलंच नाही.

पाळकसाहेबांनी होडीतली गोष्ट वाचली. वादळ आलंय, होडीत पाणी भरतंय, शिष्य ओरडताहेत आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. शेकडो वेळा ऐकलेली गोष्ट. त्या दिवशी मी पूर्ण शिष्यांच्या बाजूनं होतो. झोपतं का कुणी अशा वेळी?

मग पाळकसाहेब म्हणाले, "आता आपले बंधू साक्ष देतील."

मी उभा राहिलो. गुळगुळीत वाक्य तोंडात तयार होतं. "प्रभूनं..." म्हटलं आणि पेटीकडे नजर गेली. तिनं भाता सोडला नव्हता, हात तसाच होता. पुढचा शब्द येईना. लोकांना वाटलं मला भरून आलंय. "बोला, बोला," पाळकसाहेब म्हणाले. कुणीतरी 'हालेलुया' म्हणून धक्का दिला. मी पुन्हा "प्रभूनं..." म्हटलं आणि पुन्हा तिथंच अडकलो. वर पंखा फिरत होता आणि खाली मी.

"बसा तुम्ही," बायको म्हणाली. मग लोकांकडे वळून, अगदी सरळ आवाजात, "डॉक्टरांचा फोन आला होता दुपारी. गाठ साधी नाही. ऑपरेशन आहे. आवाजाचं सांगता येत नाही म्हणाले."

"तुला माहीत होतं?" मी.

"तुमच्या आधी. मीच त्यांना म्हटलं, यांना तुम्हीच फोन करा, माझ्याच्यानं सांगवणार नाही."

"मग मी आलो तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का ते बघत होते."

भरल्या सभेत नवराबायकोचं सुरू झालं. लोक सतरंजीचे धागे मोजायला लागले. शेवटी मावशींनीच तोंड उघडलं. "आता ही सभा उपकारस्तुतीची की विनवणीची? एकदा काय ते ठरवा बाबांनो, म्हणजे कसे डोळे मिटायचे ते कळेल."

सगळ्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्या तरुण माणसाचा चेहरा उतरला होता. "मला..." ते म्हणाले, "मला खरंच माहीत नाही, मावशी." त्या दिवसापासून मी त्यांना जास्त मानतो.

"उपकारस्तुतीचीच," बायको म्हणाली. "यांनी जाहीर केलीय ना. आज मला गाता आलं, त्याचे उपकार मानू. बाकीचं तो बघेल." असं म्हणाली खरी, पण पट्ट्यांवर बोट न ठेवता नुसता भाता हलवत राहिली, आणि पेटीतून बारीक, बिनसुराची हवा येत होती.

पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रार्थना तुम्ही करा."

मावशी ताडकन वळल्या. "अगं, गॅस बंद कर गं पुलावाखालचा! हा करणार आहे!"

लोक हसले. काही जणी डोळे पुसता पुसता हसल्या. आतून गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला. मग सगळ्यांनी, लांबच्या प्रवासाला बसावं तसं नीट बसून, डोळे मिटले.

मी उभा. सांगायचं काय? तापमान, पंप, व्हॉल्व्ह, काही आठवेना. शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच: "बापा, ही तुझी आहे. मला सांभाळता येत नाहीये. तू घे. आमेन."

कुणी डोळे उघडेना. सगळ्यांना वाटलं मी दम घेतोय. मी बसलो, तरी माना खालीच. शेवटी मावशींनी एक डोळा किलकिला केला.

"झालं?"

"झालं."

"असं कसं झालं? अरे मेल्या, मी गॅस बंद करवलाय!"

पुलाव कच्चा राहिला. गॅस बंद करणारीनं झाकणही उघडून पाहिलं होतं. पुन्हा गॅस पेटवला, झाकणावर वजन ठेवलं, पण गेलेली वाफ काही परत येईना. सगळ्यांनी तो कचकच करत खाल्ला आणि कुणी नावं ठेवली नाहीत. मावशी दातांच्या बाबतीत गरीब, त्यांनी फक्त रस्सा घेतला. जाताना दारात माझा गाल ओढून म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तू देवाला बोलू दिलंस. पण पुढच्या वेळी आधी सांगत जा, तांदूळ महाग झालेत."

त्या क्षणी शांती उतरली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती उतरली नाही. दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा देवाच्या मागे जाऊन उभा. प्रभू, ते कालचं दिलंय, लक्षात आहे ना? संध्याकाळी पुन्हा. ऑपरेशनची तारीख मिळाली, ती त्यालाही कळवली. शब्द परत आले होते, पण नुसते टोचणारे. कंपनीत तर मी जायचं नावच घेईना. घरी गेलो की तिच्या गळ्याकडे बघावं लागायचं, त्यापेक्षा पंप बरा.

सहकाऱ्याला बातमी कुठून तरी लागलीच. त्या दिवशी त्यानं माझा सगळा चार्ज मुकाट ऐकून घेतला, एकही टोमणा नाही. मग म्हणाला, "घेतला. आता मी तुमच्यासंगती गेटावर येतो."

"कशाला?"

"तुमी जाता का नाय ते बघाया."

खरंच आला. मी गेटाबाहेर पडेपर्यंत हात मागे बांधून उभा राहिला. मी वळून म्हटलं, "अरे, तो पंप..."

"सायेब, मी हाय ना!" तो ओरडला. वॉचमनसुद्धा हसला. मी रिक्षात बसलो. नाक्यापर्यंत माझं डोकं गरम होतं, मला कोण हा बाहेर काढणारा म्हणून. पुढे कधीतरी, चिखलोलीच्या वळणावर, माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत मी घरी गेल्यावर एकदाही प्लँट बंद पडलेला नाही. मी असताना दोनदा पडलाय.

ऑपरेशनच्या सकाळी तिला स्ट्रेचरवर घेतलं. मी तिचा हात धरला आणि सुरू झालो, "हे दयाळू पित्या, या समयी..." डॉक्टर, नर्स, भूल, उपकरणं, सगळ्यांचा क्रम लावला होता मी. तिनं डोळे उघडले. "आवरा. त्यांना पुढची केस आहे." चष्मा आणि पोत माझ्या हातात दिली. "एकदा दिलंय ना त्याला?"

"दिलंय."

"मग उभे नका राहू. कँटीनला जा. सकाळपासून काही खाल्लं नाहीत तुम्ही."

दार बंद झालं. त्या दारासमोर उभं राहायचं सोडून मी खरंच कँटीनला गेलो. मिसळ घेतली. तर्री जास्त झाली म्हणून वर दही घेतलं. चव लागत होती, याचं मला नवल वाटलं. वर येऊन बाकावर बसलो. भीती गेली नव्हती. पण इतके दिवस माझ्या मांडीवर बसलेली ती आता शेजारच्या खुर्चीवर सरकली होती, आणि मला पाय पसरायला जागा झाली होती. मी पाय पसरले. 'बापा' म्हटलं. पुढे काही सुचलं नाही, आणि या वेळी सुचायला हवं असंही वाटलं नाही.

जाग आली ती बरगडीत छत्रीचं टोक बसल्यावर. उल्हासनगरची मोठी मेहुणी.

"अहो भाऊजी! माझी बहीण आत गळा कापून पडलीय आणि तुम्ही घोरताय? अख्ख्या मजल्यावर ऐकू येतंय!"

मेहुणीच्या मागे डॉक्टर उभे होते, मास्क हनुवटीखाली. किती वेळ उभे होते देव जाणे. ग्रंथी पूर्ण निघाली, म्हणाले. नस गाठीला चिकटलेली होती, सोडवून घेतली, तुटली नाही, पण दुखावलीय. आवाज येईल. कधी आणि कितपत, ते सांगता येत नाही. मी सगळी वाक्यं ऐकली. तोंडाला मिसळीचा वास आणि गालावर बाकाच्या पट्ट्यांचे वळ, अशा अवतारात मी त्यांचे हात धरून आभार मानले. हे आगाऊ नव्हते.

संध्याकाळी तिला भेटायला सोडलं. गळ्याला पट्टी, नळी. मेहुणीनं आल्या आल्या चुगली केली. "तुझा नवरा घोरत होता, घोरत! बाहेर सगळी माणसं बघत होती!"

बायकोनं ओठ हलवले. आवाज नाही, नुसती हवा. आम्ही दोघं वाकलो.

"प्रभूपण... झोपला होता... होडीत."

मी मेहुणीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"पण," बायकोनं पुन्हा हवा गोळा केली, "घोरत नव्हता."

याला आता काही महिने झाले. पुढची एक तपासणी बाकी आहे, त्याची तारीख जवळ आली की शेजारची खुर्ची अजूनही कुरकुरते. तिचा आवाज परतलाय तो बोलण्यापुरता, खरखरीत, संध्याकाळपर्यंत बसणारा. सभेत ती पेटी वाजवते आणि भजन मला उचलावं लागतं. मंडळी हे मोठ्या मनानं सोसते आहे. परवा मी नेहमीप्रमाणे पाताळातून सुरुवात केली. बोट वर झालं. मी चढवला. बोट अजून वर. अजून चढवला. शेवटी माझा आवाज फाटला आणि मावशींनी डोळे मिटल्या मिटल्याच कान झाकले. तरी बोट वरच. तिच्या मनातली पट्टी तिथं, कुठंतरी वर, जशीच्या तशी आहे, आणि तिथवर पोचायला सध्या तिच्याकडे मी सोडून कुणी नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते माझ्या गाण्यामुळे होतं असं मी धरून चालतो.

आज सकाळी मी बूट घालत होतो आणि आतून तिनं एक सूर लावून पाहिला. दोन पायऱ्या चढला आणि तुटला. थोडं थांबून पुन्हा. पुन्हा तिथंच तुटला. पूर्वीचा मी असतो तर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो, पाणी देऊ का, वाफ देऊ का. मी मनात 'तुझी आहे' म्हटलं, डबा उचलला आणि दार ओढून खाली उतरलो.

आता खाली उतरल्यावर आमच्या खिडकीखाली जरा थांबलो, हे खरं आहे. अगदी जरा. सूर पुन्हा लागतो का तेवढं ऐकायला.

वर खिडकी उघडली. तिनं बोट बाहेर काढलं आणि रस्त्याकडे दाखवलं, जिथं आमचं स्टेशन येणार आहे, त्या दिशेला.

मी निघालो.